गोळी एकच, मग हिरड्या एकाच्याच का वाढतात?

रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर पाय सुजले तर रुग्ण पुढच्या खेपेला आल्या आल्या ते सांगतो. चप्पल घट्ट व्हायला लागते, घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो, शेजारीपाजारी विचारतात. कोरडा खोकला सुरू झाला तरी तो सांगतो. हिरड्या वाढल्या तर मात्र ती तक्रार रक्तदाबाच्या डॉक्टरांपर्यंत सहसा पोहोचतच नाही. ती दातांची तक्रार समजली जाते, आणि दातांच्या तक्रारीवरचे उपाय आपल्याकडे ठरलेले आहेत. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, दाताखाली लवंग, आणि बायकांच्या बाबतीत आणखी थोडी मिसरी.

बीड जिल्ह्यात या दुर्लक्षाला आणखी एक कारण आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्याच्या शेवटी गावातल्या तपासणीत रक्तदाब सापडला, प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळी सुरू झाली, आणि महिन्या-दीड महिन्यात बिऱ्हाड कारखान्याच्या गावाला गेले, असे नेहमी घडते. या औषधाने हिरड्या वाढायच्या असतील तर त्या बहुधा पहिल्या एक ते तीन महिन्यांत वाढायला लागतात. म्हणजे गोळी सुरू करणारा डॉक्टर गावाकडे आणि सुजलेले तोंड फडात. पुढच्या पट्ट्या तिथल्या मेडिकलमधून घेतल्या जातात. तिथे हिरड्या दाखवायचा प्रश्नच येत नाही.

ज्या गोळीबद्दल हे चालले आहे तिचे नाव अ‍ॅम्लोडिपिन. देशात रक्तदाबासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी ती एक. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. सरकारी दवाखान्यांत बहुतेक रुग्णांना पहिली गोळी म्हणून मिळते ती पाच मिलिग्रॅमची अ‍ॅम्लोडिपिन. निवड योग्यच आहे. ती स्वस्त आहे, दिवसातून एकदाच घ्यावी लागते, आणि तिचा अंश शरीरात इतका हळू कमी होतो (निम्मा व्हायला तीस ते पन्नास तास लागतात) की एखादा दिवस गोळी चुकली तरी रक्तदाब एकदम उसळत नाही. सुरू करण्याआधी रक्ताच्या महागड्या तपासण्याही लागत नाहीत. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या लोकांना द्यायचे औषध असेच असावे लागते. मात्र इतके लोक जे औषध घेतात, त्याचा थोड्यांनाच होणारा त्रासही संख्येने थोडा राहत नाही.

वाढ कशी दिसते ते एकदा कळले की ओळखणे अवघड नाही. सुरुवात बहुधा पुढच्या दातांपासून होते. दोन दातांच्या मधला हिरडीचा त्रिकोणी कोपरा आधी फुगतो, मण्यासारखा गोल होतो. मग शेजारचे कोपरे एकमेकांना भिडतात आणि दाताचा खालचा भाग झाकायला लागतो. ज्याचे दात स्वच्छ असतात त्याची वाढलेली हिरडी गुलाबी, टणक आणि न दुखणारी असते. दातांवर किटण साचलेले असेल तर ती लाल, मऊ होते आणि ब्रश लागला की रक्त येते. ज्या जागी दातच नाहीत, तिथे ही वाढ जवळजवळ कधीच होत नाही. कवळी लावणाऱ्या आजोबांना अ‍ॅम्लोडिपिनचा हा त्रास सहसा होत नाही तो यामुळे. यातच कारणाचा एक धागा सापडतो: औषधाला दाताच्या कडेला चिकटलेल्या जंतूंच्या थराची साथ लागते.

औषधाने हिरड्या वाढतात हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनने असे होते, हे १९३९ सालीच लिहिले गेले. १९८३ मध्ये मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचे नाव त्यात आले. १९८४ मध्ये निफेडिपिनच्या पहिल्या नोंदी झाल्या. निफेडिपिन हे अ‍ॅम्लोडिपिनचे थोरले भावंड, दोन्ही औषधे पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवतात. अ‍ॅम्लोडिपिनची प्रकरणे नव्वदीच्या दशकात छापून यायला लागली. हृदयविकारात दिली जाणारी डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल याच गटातली. एस-अ‍ॅम्लोडिपिन या नावाने येणारी गोळीही मूळच्या औषधाचाच एक घटक आहे. तिला वेगळे औषध समजू नये.

किती जणांना होते, या प्रश्नाची उत्तरे एकमेकांपासून फार लांब आहेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल भागात ९११ लोकांची पाहणी झाली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ठळक वाढ निफेडिपिन घेणाऱ्यांत ६.३ टक्के, तर अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांत अवघी १.७ टक्के आढळली. भारतात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णालयातल्या पाहणीत मात्र अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत ती दिसली. एवढा फरक कसा? एक पाहणी वस्तीतल्या लोकांची आहे, दुसरी रुग्णालयात आलेल्यांची, आणि रुग्णालयात येणाऱ्याच्या तोंडात मुळात काहीतरी बिघडलेले असण्याचा संभव जास्त. शिवाय किती फुगली म्हणजे ‘वाढली’ म्हणायचे याचे माप प्रत्येकाचे वेगळे. तोंडाची स्वच्छता, गोळीचा डोस, वय, लिंग हे सगळे त्यात मिसळते. न्यूकॅसलच्या पाहणीत पुरुषांना हा त्रास होण्याची शक्यता स्त्रियांच्या सुमारे तिप्पट होती. पुरुषी संप्रेरकांचा हिरडीतल्या पेशींवर परिणाम होतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

पण हे सगळे वजा केले तरी एक कोडे उरते. दोन माणसे, सारख्याच वयाची, सारखाच डोस, दातांची हेळसांडही सारखीच. एकाच्या हिरड्या सहा महिन्यांत अर्धा दात झाकतात, दुसऱ्याच्या दहा वर्षांत तसूभर हलत नाहीत. इथे आनुवंशिकता येते.

हिरडी आतून कशाने बनते ते आधी पाहू. तिच्यात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांची दोन कामे. कोलॅजनचे नवे धागे विणायचे आणि जुने धागे मोडून काढायचे. निरोगी हिरडीत दोन्ही कामे बरोबरीने चालतात, म्हणून तिचा आकार वर्षानुवर्षे तोच राहतो. फडात तोड चालू राहिली आणि मोळ्या उचलायला गाडीच आली नाही तर जे होईल ते इथे होते. कॅल्शियमची वाट अडवणारी औषधे पेशीत फोलेट हे जीवनसत्त्व शिरण्यातही अडथळा आणतात असे दिसते. त्यामुळे जुने कोलॅजन तोडणारे विकर नीट कामाला लागत नाही. विणकाम चालू, मोडणी बंद. त्यात जंतूंच्या थरामुळे हिरडीला सूज असेल तर शरीर दुरुस्तीसाठी वाढीचे संदेश पाठवत राहते आणि विणकाम आणखी जोरात होते. शिवाय निफेडिपिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत झिरपणाऱ्या द्रवात साठू शकतात. तिथे त्यांचे प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट सापडले आहे.

आता या साखळीची प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या हुकमाने बनते, आणि जनुकांत माणसामाणसांत बारीक फरक असतात. त्यातला सर्वाधिक अभ्यासला गेलेला फरक एमडीआर-१ या जनुकातला. हे जनुक पेशीच्या भिंतीत बसणारा एक पंप बनवते. विहिरीवरची मोटार जसे पाणी उपसते तसा हा पंप नको असलेली रसायने, त्यात अनेक औषधेही आली, पेशीतून बाहेर फेकतो. ज्याचा पंप कमी जोराचा, त्याच्या पेशीत औषध जास्त वेळ रेंगाळण्याची शक्यता. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या पीटर मायझेल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅल्शियमरोधक औषधे घेणाऱ्या रुग्णांत या जनुकातले बदल आणि हिरड्यांची वाढ यांचा संबंध मांडला. या जनुकात एका ठिकाणी ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेले असते. हे ‘टी’ रूप आफ्रिकन वंशाच्या लोकांत कमी आढळते आणि दक्षिण आशियाई लोकांत निम्म्याच्या वर. पण म्हणून आपल्यापैकी निम्म्यांच्या हिरड्या फुगत नाहीत. हा एक सुटा बदल फार तर तराजूच्या पारड्यात एक वजन टाकतो. रोपणाच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत हा संबंध प्रत्येक वेळी सापडलेला नाही, हेही सांगायला हवे.

जपानी संशोधकांना दुसरी कडी सापडली. फायब्रोब्लास्ट जुने कोलॅजन गिळून टाकतो. गिळण्याआधी ते पकडावे लागते. पकडणारा हात म्हणजे अल्फा-२ इंटिग्रिन हे प्रथिन, आणि त्याच्या जनुकातल्या एका बदलाचा संबंध कॅल्शियमरोधकांनी वाढणाऱ्या हिरड्यांशी दिसला. पकड सैल तर मोडणी ढिली, असा त्याचा साधा अर्थ. दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ च्या जनुकातले बदल, पांढऱ्या पेशींवरच्या एचएलए खुणा यांचेही अभ्यास झाले, ते मुख्यतः सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत. यकृतात औषधाची विल्हेवाट लावणारी विकरेही माणसागणिक कमी-अधिक वेगाने काम करतात. फेनिटॉइनच्या बाबतीत सीवायपी-२सी-९ या विकराचे मंद रूप असलेल्यांत औषधाची रक्तातली पातळी चढते, आणि तिथून हिरड्यांचा त्रास वाढू शकतो. अ‍ॅम्लोडिपिनची विल्हेवाट सीवायपी-३ए गटातली विकरे लावतात.

यातले बहुतेक अभ्यास लहान आहेत, काही डझन ते शे-दोनशे रुग्णांचे. लहान अभ्यासात एखादे जनुक दोषी ठरणे सोपे असते आणि पुढच्या अभ्यासात ते सुटणेही तितकेच सोपे. त्यामुळे ‘हिरड्यांचे जनुक सापडले’ अशा थाटाची बातमी कुठे दिसली तर तिच्यावर फार विसंबू नये. एवढे मात्र धरून चालता येते की ही प्रवृत्ती कुणा एका जनुकाची नाही, अनेक बारीक फरकांची मिळून बनते, आणि औषध व किटण या दोन्हींशिवाय ती सहसा डोके वर काढत नाही.

एका जनुकाने हिरड्या वाढतात असा आजारही आहे, तो वेगळा. आनुवंशिक हिरडी-तंतुवृद्धी असे त्याचे नाव. कायमचे दात यायच्या वयात मुलाच्या हिरड्या इतक्या जाड होतात की दात त्यात बुडून जातात. २००२ मध्ये ब्राझीलमधल्या एका मोठ्या कुटुंबात त्याचे कारण एसओएस-१ या जनुकात सापडले. तो बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या बदलानेही होतो, त्याला कुठलीच गोळी लागत नाही आणि तो अत्यंत विरळ आहे. मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे हिरड्या फुगल्या का, अशी शंका आपल्याकडे येऊ शकते, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे: चाळिशी-पन्नाशीनंतर गोळी सुरू झाल्यावर वाढलेल्या हिरड्यांचा त्या नात्याशी जोड लावण्याचे कारण नाही.

मग अ‍ॅम्लोडिपिन देण्याआधी प्रत्येकाची जनुक-तपासणी करावी का? नाही. तपासणीचा खर्च कित्येक वर्षांच्या गोळ्यांच्या खर्चाहून अधिक, आणि उत्तर येणार ते ‘शक्यता थोडी जास्त’ एवढेच. त्यापेक्षा फुकटातली तपासणी कामाची आहे. गोळी सुरू करताना एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा रुग्णाला ओठ वर करायला सांगून पुढच्या दातांच्या हिरड्या पाहणे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, आरोग्यसेविकेला हे अर्ध्या मिनिटात जमते. घरात भावाला, वडिलांना याच गोळीने किंवा फेफऱ्याच्या गोळीने असे झाले होते का, हा प्रश्नही उपयोगी, कारण प्रवृत्ती रक्ताच्या नात्यात असू शकते. खरे तर आजघडीला आनुवंशिकतेचा व्यवहारातला उपयोग या प्रश्नाएवढाच आहे. आणि दातांच्या डॉक्टरांनीही केसपेपरवर ‘रक्तदाबाची गोळी: कोणती?’ असे लिहून घेतल्याशिवाय सुजलेल्या हिरडीला हात लावू नये. गोळी चालूच राहिली तर कापलेली हिरडी बऱ्याचदा पुन्हा वाढते आणि रुग्णाचे पैसे वाया जातात.

सगळ्यात मोठा धोका हिरड्यांचा नाहीच. कुणीतरी कधीतरी रुग्णाला सांगते, ‘त्या गोळीनंच होतंय,’ आणि तो गोळी बंद करतो. हिरडी कमी व्हायला लागते, त्यामुळे निर्णय बरोबर होता अशी खात्री पटते. रक्तदाब तिकडे मुकाट्याने चढत असतो. तो दुखत नाही, खुपत नाही. फडात, कामाच्या रगाड्यात, एके सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, आणि लकवा झाला म्हणून माणसाला कुठल्यातरी अनोळखी गावातल्या दवाखान्यात न्यावे लागते. सुजलेली हिरडी परत पहिल्यासारखी करता येते. लकव्याने गेलेला हात कित्येकदा परत येत नाही.

म्हणून गोळी बंद करायची नाही, बदलून घ्यायची. रक्तदाबावर दुसऱ्या गटातली औषधे आहेत आणि तीही सरकारी दवाखान्यात मिळतात: टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, क्लोरथॅलिडोन. त्यांनी हिरड्या वाढत नाहीत. मात्र कोणती द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. टेल्मिसार्टन आणि एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाहीत, उलट त्या काळात निफेडिपिन वापरली जाते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे लागते. ज्याच्या रक्तदाबाला दोन-तीन औषधे लागतात, त्याचे अ‍ॅम्लोडिपिन काढणे कधी शक्य नसते. मग डोस कमी करणे आणि दातांची काळजी वाढवणे एवढेच हाती राहते, आणि तेही बरेच उपयोगी पडते. गोळ्यांच्या पट्टीवरचे बारीक अक्षरातले नाव वाचण्याची सवय हवी. जोडगोळीच्या नावाच्या शेवटी ‘एएम’ किंवा ‘एटी’ असेल तर आत अ‍ॅम्लोडिपिन असण्याचा संभव मोठा. टेल्मिसार्टनची गोळी म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पट्टीत अ‍ॅम्लोडिपिनही असेल तर बदलाचा काहीच फायदा होणार नाही.

औषध बदलल्यावर काही आठवड्यांत हिरडी उतरायला लागते, पूर्ण उतरायला काही महिने लागू शकतात. याच काळात दातांवरचे किटण एकदा काढून घेतले तर उतरण्याचा वेग वाढतो. जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दातांचा विभाग आहे. त्यापुढची गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. फार जुनी, टणक झालेली वाढ औषध बदलूनही पूर्ण जात नाही. ती कापावी लागते, तीही रक्तदाब आटोक्यात आल्यावरच. घरी दोन वेळा मऊ ब्रश, दोन दातांच्या मधल्या जागेकडे विशेष लक्ष. मिसरीने हिरड्या ‘घट्ट’ होतात हा समज सोडावा. ती भाजलेली तंबाखू आहे, ब्रशची जागा ती घेऊ शकत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी वाट मात्र तिथूनही जाते.

फोलिक अ‍ॅसिड घेतले तर? दिल्लीच्या एम्समध्ये फेनिटॉइन घेणाऱ्या १२० मुलांवर एक चांगला प्रयोग झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत सहा महिन्यांनी २१ टक्के मुलांच्या हिरड्या वाढल्या होत्या, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ८८ टक्के. फेफऱ्याच्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे, पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. अ‍ॅम्लोडिपिनसाठी असा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे औषध बदलायचे टाळून नुसत्या फोलिक अ‍ॅसिडवर राहू नये.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक फुगलेली हिरडी गोळीची नसते. हिरड्या झपाट्याने, काही दिवसांत सुजल्या, त्यातून आपोआप रक्त यायला लागले, सोबत ताप, फिकेपणा, अंगावर निळे-लाल डाग असतील तर त्याच दिवशी रक्ताची संपूर्ण मोजणी करून घ्यावी. रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार पहिल्यांदा हिरडीतच दिसतात. गाठ एकाच जागी असेल, तिथे न भरणारी जखम असेल आणि माणूस तंबाखू खात असेल तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट न पाहता तुकडा तपासायला पाठवावा. गरोदर बाईच्या हिरड्या संप्रेरकांमुळे सुजतात, त्या बाळंतपणानंतर बहुधा आपोआप उतरतात.

तोडणीला निघण्याआधी रक्तदाबाच्या रुग्णाने तीन गोष्टी करून घ्याव्यात: हिरड्या दाखवणे, जास्तीत जास्त मिळतील तेवढ्या दिवसांच्या गोळ्या मागणे, आणि गोळीचे मूळ नाव व डोस एका कागदावर मराठीत लिहून घेणे. हाच कागद कारखान्याच्या गावातल्या दवाखान्यात दाखवायचा, आणि हिरड्या फुगल्या तर दातांच्या डॉक्टरलाही.